गृहनिर्मित विमानातील विद्युत् तारयोजना

हौशी व्यक्तीने स्वतःच्या उपयोगासाठी बांधलेल्या लहान विमानात वीज निर्माण करणे, साठविणे, वाटून देणे व ती निरनिराळ्या उपकरणांपर्यंत सुरक्षितपणे पोहोचविणे यांसाठी केलेली तारा, जोड, स्विच आणि संरक्षक साधने यांची मांडणी. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत ही मांडणी अभियंत्यांचा गट आखतो, शासकीय यंत्रणा तिला मान्यता देते आणि मग तिच्याबरहुकूम अनेक विमाने तयार होतात. गृहनिर्मित विमानात आखणी करणारा, तारा ओढणारा, त्या तपासणारा आणि पुष्कळदा पहिले उड्डाण करणाराही एकच असतो. त्यामुळे ‘हा भाग उडताना बंद पडला तर काय होईल ?’ हा प्रश्न प्रत्येक भागासंबंधी त्याला स्वतःलाच विचारावा लागतो. कोणताही भाग केव्हा तरी निकामी होणार असे गृहीत धरून, त्या एका बिघाडाचे अपघातात रूपांतर होणार नाही अशी रचना करणे हे या तारयोजनेचे मूलतत्त्व आहे. पुढे दिलेले बहुतेक सर्व नियम त्यातूनच निघालेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आरंभीच्या गृहनिर्मित विमानांत विद्युत् प्रणाली जवळजवळ नसेच. अमेरिकेतील बर्नार्ड पीटेनपोल यांचे १९२९ मध्ये उडालेले ‘एअर कँपर’ किंवा फ्रान्समधील आंरी मीन्ये यांचे १९३३ मधील ‘पू द्यू सिएल’ ही विमाने पंखा हाताने फिरवून सुरू करीत. त्यांत रेडिओ वा दिवे नसत आणि एंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो हे एंजिनावरच बसविलेले स्वयंपूर्ण साधन पुरवीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हौशी बांधणीला कायदेशीर स्थान मिळाले. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरतो. विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षण वा विरंगुळा म्हणून केलेला असावा, ही तेथील नियमांतील मुख्य अट होय. ती पुरी झाल्यास विमानाला प्रायोगिक वर्गाचे प्रमाणपत्र मिळते आणि बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. बर्ट रूटान यांचे काचतंतूंच्या संयुक्त द्रव्याचे ‘व्हॅरिइझी’ (१९७५) आणि रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची ॲल्युमिनियमाची ‘आरव्ही’ मालिका यांमुळे हा छंद जगभर पसरला. आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे घराच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची नागरी विमानन महासंचालनालयाने २०१७ मध्ये नोंदणी केली.

या काळात विजेचे स्थान पालटले. पूर्वी ती सोयीची बाब होती. आता दिशा, उंची व वेग दाखविणारी यंत्रे, इंधनाचा अंतःक्षेप आणि कित्येकदा ठिणगीसुद्धा विजेवर अवलंबून असते. विमानाचे स्थान आपोआप प्रक्षेपित करणारे उपकरण अमेरिकेतील ठराविक हवाई क्षेत्रांत १ जानेवारी २०२० पासून सक्तीचे झाले आहे. साहजिकच तारयोजनेतील चुकीची किंमतही वाढली आहे.

प्रणालीचे घटक : लहान विमानात सामान्यतः १२ व्होल्ट दाबाची घटमाला म्हणजेच बॅटरी आणि एंजिनाने फिरविले जाणारे प्रत्यावर्तक जनित्र म्हणजेच अल्टरनेटर असतो. एंजिन चालू असताना प्रणालीचा दाब सु. १४ व्होल्ट राहतो. मोठ्या विमानांत याच्या दुप्पट, म्हणजे २४ व २८ व्होल्ट, दाब वापरतात. घटमालेपासून निघणारी जाड तार मुख्य अभिचालित्रातून (मोठा प्रवाह तोडणाऱ्या-जोडणाऱ्या विद्युत् चुंबकीय स्विचातून) जाते. हे अभिचालित्र घटमालेच्या शक्य तितके जवळ बसवितात. कारण त्याच्या अलीकडील तारेला कोणतेही संरक्षण नसते. शेतात वा रस्त्यावर विमान उतरविण्याची वेळ आल्यास वैमानिकाला एका स्विचाने बहुतेक सर्व तारा मृत करता आल्या पाहिजेत. सांडलेले पेट्रोल आणि तुटलेली जिवंत तार एकत्र येणे हा अशा वेळचा सर्वांत मोठा धोका असतो.

जनित्राचा विद्युत् दाब त्याच्या फिरत्या क्षेत्र वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त करून राखला जातो. हे काम करणारा दाब नियंत्रक बिघडून वेटोळ्याला सतत पूर्ण प्रवाह मिळू लागला, तर दाब झपाट्याने चढतो, घटमाला उकळू लागते व महागडी इलेक्ट्रॉनीय उपकरणे काही क्षणांत जळू शकतात. म्हणून दाब सु. १६ व्होल्टच्या वर गेल्यास वेटोळ्याचा पुरवठा तत्काळ तोडणारे स्वतंत्र साधन बसवितात. उलट, जनित्र मुकाट्याने बंद पडल्यास दिवे व रेडिओ काही काळ पूर्ववत चालत राहतात आणि वैमानिकाला संशयही येत नाही. भारित घटमालेचा दाब सु. १२·५ ते १२·८ व्होल्ट असतो. त्यामुळे १३ व्होल्टखाली दाब येताच लागणारा इशारादीप हा अगदी स्वस्त, परंतु बहुमोल घटक ठरतो.

वितरण : अभिचालित्रातून आलेला प्रवाह तांब्याच्या मुख्य वितरण पट्टीवर येतो व तेथून प्रत्येक उपकरणाच्या मंडलाला वाटला जातो. सर्व उपकरणे या एकाच पट्टीवर ठेवली, तर अभिचालित्राचा एक बिघाड सर्व काही बंद पाडतो. म्हणून उड्डाण पुरे करण्यास लागणारी मोजकी उपकरणे वेगळ्या, अत्यावश्यक पट्टीवर घेण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकन अभियंते रॉबर्ट नकल्स यांनी ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या ग्रंथाद्वारे ती हौशी बांधकऱ्यांत विशेष प्रसृत केली. नेहमीच्या स्थितीत या पट्टीला मुख्य पट्टीकडून एका डायोडमार्गे पुरवठा होतो. हा डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. संकटकाळी वैमानिक दुसरा स्विच लावून तिला थेट घटमालेशी जोडतो व मुख्य अभिचालित्र बंद करतो. डायोडमुळे हा प्रवाह उलटा मुख्य पट्टीकडे जात नाही. शिवाय अभिचालित्राचे वेटोळे स्वतःच एक अँपिअरच्या आसपास प्रवाह खाते, तोही वाचतो.

या योजनेचे महत्त्व साध्या हिशोबाने कळते. सु. १७ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेवर दिवे, रेडिओ, तापक इ. मिळून २० अँपिअरचा भार राहिला, तर ती एक तासही पुरत नाही. कारण प्रवाह मोठा असेल, तर घटमालेची उपलब्ध क्षमताही घटते. हाच भार ५ अँपिअरवर आणला आणि घटमाला जुनी होऊन तिची क्षमता १३ अँपिअर-तास उरली असे धरले, तरी दोन तासांहून अधिक काळ मिळतो. म्हणून बांधणीपूर्वी प्रत्येक उपकरणाचा प्रवाह लिहून भाराचा तक्ता तयार करतात आणि टाकीतील इंधन जितका वेळ पुरेल तितका वेळ अत्यावश्यक उपकरणे चालावीत, हे उद्दिष्ट ठेवतात. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला शिसे-अम्ल घटमालेच्या निम्म्याहून कमी वजनाची असते. मात्र तिला अतिभारण व अतितापन यांपासून जपणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण आवश्यक असते.

तारांची निवड : घरातील वायरिंगची तार विमानात चालत नाही. एकसंध तार एंजिनाच्या कंपनांमुळे शिणवटा येऊन तुटते. म्हणून अनेक बारीक तारांचा पीळ असलेली, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. लहान मापाच्या विमानतारेत असे १९ धागे असतात. निरोधक आवरणही तितकेच महत्त्वाचे आहे. पीव्हीसीचे आवरण जळताना दाट धूर व हायड्रोक्लोरिक अम्लाचे वायू सोडते, आणि लहान विमानाच्या बंद कक्षात आगीआधी धूरच वैमानिकाला अगतिक करतो. त्यामुळे टेफ्झेल या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिकाचे, १५०° से. तापमानापर्यंत वापरता येणारे आवरण पसंत केले जाते.

तारेची जाडी दोन कसोट्यांवर ठरते. पहिली कसोटी म्हणजे तार तापता कामा नये आणि दुसरी म्हणजे तीत विद्युत् दाबाची फार घट होता कामा नये. अमेरिकेच्या विमानन प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार १४ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी ही घट ०·५ व्होल्टपेक्षा आणि अधूनमधून चालणाऱ्या उपकरणासाठी १ व्होल्टपेक्षा जास्त नसावी. उदा., पंखाच्या टोकाला सतत जळणारा १०० वॉटचा दिवा सु. ७ अँपिअर प्रवाह घेतो. तारेची लांबी ५ मी. असल्यास अमेरिकन तारमापातील क्रमांक २० च्या तारेत (रोध दर मीटरला सु. ०·०३३ ओहम) जवळजवळ १·२ व्होल्ट घट होते. म्हणजे ही तार जळणार नाही, पण दिवा मंद होईल. क्रमांक १६ च्या तारेत (सु. ०·०१३ ओहम) घट सु. ०·४६ व्होल्ट येते व ती चालते. या मापात क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक असते आणि तीन क्रमांक खाली आले की छेदाचे क्षेत्रफळ सु. दुप्पट होते.

आरंभक चलित्राला क्षणभर २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. व्हॅरिइझीसारख्या विमानात एंजिन मागे असते व समतोल राखण्यासाठी घटमाला नाकात ठेवावी लागते. जाण्यायेण्याची मिळून १० मी. तार धरली, तर क्रमांक ४ च्या तारेत सु. १·६ व्होल्ट व अधिक जाड अशा क्रमांक २ च्या तारेत सु. १ व्होल्ट घट होते. थंडीत एंजिन सुरू होईल की नाही, हे पुष्कळदा एवढ्याशा फरकावर ठरते. उलट तार जाड केली की विमानाचे वजन वाढते. वजन व दाबघट यांतील ही तडजोड प्रत्येक बांधकऱ्याला करावी लागते.

वितळतारा व मंडल खंडक : ही साधने उपकरणाच्या रक्षणासाठी असतात, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ती तारेच्या रक्षणासाठी असतात. उपकरण बिघडले तर ते बिघडलेलेच राहते. परंतु त्याची तार तापून आजूबाजूच्या तारांना पेटवू नये, हा त्यांचा हेतू असतो. म्हणून साधनाचे मूल्य तारेच्या जाडीवरून ठरवितात. क्रमांक २२ च्या तारेसाठी ५, क्रमांक २० साठी ७·५ आणि क्रमांक १८ साठी १० अँपिअरचा खंडक योग्य समजतात. तसेच हे साधन तारेच्या पुरवठ्याकडील टोकाला, म्हणजे वितरण पट्टीजवळच, बसवितात. उपकरणाजवळ बसविल्यास मधली सर्व तार असंरक्षित राहते.

मंडल खंडक पुन्हा बसविता येतो, हा त्याचा फायदा मानला जातो. परंतु तो निष्कारण तुटत नाही. उड्डाणास अत्यावश्यक नसलेल्या मंडलाचा खंडक तुटल्यास तो विमान जमिनीवर येईपर्यंत तसाच ठेवावा, हा आता मान्य झालेला दंडक आहे. शिवाय खंडकाला मर्यादा आहेत. आवरण घासून उघड्या पडलेल्या दोन तारांमध्ये तुटकतुटक ठिणग्या पडत असतील, तर सरासरी प्रवाह कमी राहतो व खंडक तुटतच नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनीव्हाकडे निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळून २२९ माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिक कक्षाच्या छतावरील भागात तारेतून पडलेल्या ठिणगीने तेथील ज्वलनशील आच्छादन पेटले, असा निष्कर्ष कॅनडाच्या चौकशी मंडळाने काढला आणि प्रचलित मंडल खंडक अशा ठिणग्यांपासून पुरेसे संरक्षण देत नाहीत, हेही दाखवून दिले. यावरून तारेच्या रक्षणाचा पहिला उपाय खंडक नसून तिची नीट बांधणी हा होय, हे स्पष्ट होते.

जोड व बांधणी : तारेच्या टोकाला धातूची टोपी घालून ती खास पकडीने दाबून बसवितात. योग्य दाबाखाली तारेचे धागे व टोपी एकमेकांत इतके घट्ट बसतात की, त्यांमध्ये हवा शिरत नाही व गंज धरत नाही. टोपीच्या मागील भागाने आवरणही पकडलेले असते. त्यामुळे कंपनाचा भार उघड्या धाग्यांवर येत नाही. डाख दिलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम असतो, परंतु वितळलेला डाख धाग्यांमध्ये झिरपून तेवढा भाग ताठ होतो आणि जेथे ताठ भाग संपतो नेमकी तेथेच तार तुटते. म्हणून डाख दिलेल्या जागी तारेला निराळा आधार द्यावा लागतो. दाबपकड पूर्ण दाब दिल्याशिवाय न उघडणारी, खटक्याची असावी आणि कामापूर्वी काही नमुना-जोड करून ते ओढून पाहावेत, असे सुचविले जाते.

तारांचे जुडगे सांगाड्याला साधारणतः दर ६० सेंमी. वा त्याहून कमी अंतरावर, आतून मऊ अस्तर असलेल्या पकडींनी बांधतात. पत्र्यातील भोकातून तार नेताना भोकाच्या धारेवर रबराचे वा नायलॉनाचे कडे बसवितात. धातूच्या धारेवर घासणारी तार शेकडो तास निर्धोक चालते व मग एके दिवशी मंडल संक्षेप होतो. इंधननळीच्या शेजारून तार न्यावी लागल्यास ती नळीच्या वर अथवा बरोबरीने, शक्यतो १५ सेंमी. दूर ठेवतात. कोणत्याही परिस्थितीत हे अंतर १·२५ सेंमी. पेक्षा कमी असू नये. तार पकडीपाशी तुटली, तरी तिचे लोंबते टोक नळीला वा सुकाणूच्या दोरांना लागणार नाही, असे पकडींचे अंतर ठेवतात. चुंबकीय होकायंत्राजवळून जाणाऱ्या जाण्यायेण्याच्या तारा एकमेकींभोवती पिळतात. त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना छेदून टाकतात.

परतीचा मार्ग : ॲल्युमिनियमाच्या विमानात प्रवाह परत येण्यासाठी सांगाड्याचाच उपयोग करता येतो व तारेचे वजन वाचते. तथापि रेडिओ, कर्णश्रवणी यांसारख्या नाजूक उपकरणांच्या परतीच्या तारा एकाच बिंदूवर आणून घटमालेच्या ऋण अग्राशी जोडतात. ठिकठिकाणी जोडल्यास सांगाड्यातील मोठ्या प्रवाहामुळे पडणारी दाबघट रेडिओत गुणगुणण्याच्या रूपाने ऐकू येते. काचतंतूंचे विमान विजेच्या दृष्टीने लाकडासारखेच होय. त्यात प्रत्येक उपकरणाला परतीची तार द्यावी लागते आणि वरील दिव्याच्या उदाहरणातील दाबघट दुप्पट होऊन क्रमांक १६ ऐवजी क्रमांक १२ ची तार घ्यावी लागते. त्याच्या मोबदल्यात रेडिओचा आकाशक कवचाच्या आत दडविता येतो व हवेचा रोध कमी होतो. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ते व सांगाडा यांना जोडणारी लवचिक जाड पट्टी आवश्यक असते. ती विसरल्यास आरंभकाचा सर्व प्रवाह एंजिन-नियंत्रणाच्या बारीक पोलादी दोरांतून वाट काढतो व ते जळतात.

प्रज्वलन : पारंपरिक विमान-एंजिनाला दोन मॅग्नेटो असतात व प्रत्येक सिलिंडरात दोन ठिणगी गुडद्या असतात. घटमाला व जनित्र दोन्ही निकामी झाली, तरी एंजिन चालू राहते. मॅग्नेटोचा स्विच इतर स्विचांच्या उलट असतो. त्याची तार सांगाड्याला जोडली की मॅग्नेटो बंद पडतो आणि तार तुटली की तो जिवंत राहतो. उडताना हा गुण तारक ठरतो, तर जमिनीवर तोच मारक ठरू शकतो. स्विच बंद असूनही केवळ तुटलेल्या तारेमुळे, हाताने फिरविलेल्या पंख्याबरोबर एंजिन सुरू होऊन प्राणघातक इजा होऊ शकते. म्हणून पंखा सदैव जिवंत समजावा, असा नियम आहे. ऑस्ट्रियन बनावटीच्या रोटॅक्स ९१२ एंजिनात प्रज्वलन इलेक्ट्रॉनीय असले, तरी त्याला एंजिनातीलच स्वतंत्र वेटोळी वीज पुरवितात. परंतु ज्या एंजिनात प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेप घटमालेवर अवलंबून असतात, तेथे विजेचा खंड म्हणजे एंजिनाचा खंड होय. अशा विमानात दोन घटमाला, दोन स्वतंत्र पुरवठामार्ग आणि बहुधा दुसरे लहान जनित्रही बसवितात. पडद्यावर माहिती दाखविणाऱ्या यंत्रांमुळे जुन्या घूर्णी उपकरणांचा निर्वात पंप नाहीसा झाला आहे. त्या रिकाम्या जागी ८ ते २० अँपिअरचे दुय्यम जनित्र बसविता येते.

चाचणी व आलेख : घटमाला जोडण्यापूर्वी प्रत्येक तारेचे अखंडत्व व तिचा सांगाड्याशी नको असलेला संपर्क यांची मापकाने तपासणी करतात. पहिला पुरवठा लहान वितळतारेमार्गे देऊन एकेक मंडल क्रमाने चालू करतात. नंतर जमिनीवर एंजिन चालवून जनित्र हेतुपुरस्सर बंद करतात आणि इशारादीप लागतो का, अत्यावश्यक पट्टी चालते का, हे पाहतात. हवेत प्रथमच घडावी अशी कोणतीही गोष्ट शिल्लक ठेवू नये, हा यामागील विचार आहे. अमेरिकेत यानंतर सामान्यतः २५ ते ४० तासांचे चाचणी-उड्डाण वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या क्षेत्रात करावे लागते. घटमालेची क्षमता दरवर्षी ठराविक भारावर मोजतात. ती अत्यावश्यक उपकरणांच्या गरजेपेक्षा कमी भरल्यास, एंजिन सुरू करण्याइतका जोर तीत शिल्लक असला तरीही, ती बदलतात.

विमानतारा बहुधा पांढऱ्याच असतात. म्हणून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांवर क्रमांक लिहून तोच क्रमांक आलेखात नोंदवितात. प्रत्येक मंडलाचा आलेख वेगळ्या पानावर काढण्याची पद्धत सोयीची ठरली आहे. पानावर तारेचे माप, जोडाचा प्रकार, खंडकाचे मूल्य व प्रत्यक्ष केलेले बदल असतात. गृहनिर्मित विमानांसाठी कारखान्याची दुरुस्ती-पुस्तिका उपलब्ध नसते आणि ही विमाने पुष्कळदा विकली जातात. अशा वेळी नवा मालक वा तंत्रज्ञ यांना पत्र्यामागील तारांची खात्रीलायक माहिती केवळ या पानांवरूनच मिळते. त्यामुळे आलेख अद्ययावत ठेवणे हा तारयोजनेचाच एक भाग मानला जातो.